चार इंच खाली

मुंबईत लोक गाडी उंच करून घेतात. खड्डे आहेत, स्पीडब्रेकर आहेत, पावसाळ्यात तुंबलेलं पाणी आहे; शहाणा माणूस गॅरेजवाल्याला सांगतो, जरा उचलून दे रे. मी चार महिने बरोबर उलटं सांगत फिरत होते. "आमचा ट्रक पुढून चार इंच खाली करायचाय." मरोळपासून वाकोल्यापर्यंत ज्याला ज्याला हे सांगितलं, त्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्यामागे कोणी शुद्धीवरचं माणूस उभं आहे का ते पाहिलं. एकाने तर सरळ विचारलं, "मॅडम, साहब को मालूम है?" साहेब, म्हणजे आमचे हे, मुलुंडला सोफ्यावर मॅच बघत होते. त्यांना विचारून मी आजवर काय केलंय, की हे विचारून करणार?

ट्रक माझ्या बाबांचा. लांब नाकाचा, बटबटीत दिव्यांचा, मागे लाकडी फळ्यांचा हौदा असलेला जुना पिकअप. वयाने माझ्याहून मोठा, आणि मी पन्नाशीची आहे. गिरणी सुटल्यावर बाबांनी तो कोणाकडून तरी जुनाच घेतला आणि मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या कारखान्यांचा माल त्याच्यावर पस्तीस वर्षं वाहिला. माझं शिक्षण, माझं लग्न, आईचं आजारपण, सगळं त्याच ट्रकने ओढलं. बाबांना नजर कमी झाली तेव्हा त्यांनी तो गाळ्यात लावला, वर ताडपत्री घातली आणि रोज सकाळी जाऊन त्याला बघून यायला लागले. आठवड्यातून एकदा इंजिन चालू करायचे, हलवायचे मात्र नाहीत.

हा गाळा मरोळच्या जुन्या गावठाणात. घर एका ख्रिश्चन आंटीचं, आम्ही तिचे पन्नास वर्षांचे भाडेकरू. खाली रस्त्याला लागून गाळा, गाळ्याच्या डोक्यावर आंटीचं स्वयंपाकघर, आणि मागच्या बाजूने चौदा पायऱ्या चढून बाबांची खोली. आई गेल्यापासून बाबा त्या खोलीत एकटे.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचे गुडघे संपले. डॉक्टरने सांगितलं, जिना बंद. मी त्यांना मुलुंडला घेऊन आले. सहावा मजला, लिफ्ट, वारा, समोर डोंगर. बाबा आठ दिवस राहिले. नवव्या दिवशी पिशवी भरून दारात उभे.

"काय झालं बाबा?"

"हंयची माणसां लिफ्टीतसुद्धा बोलनत नाय गो," बाबा म्हणाले. बाबा पन्नास-साठ वर्षं मुंबईत आहेत, पण बोलतात अजून मालवणीच. "माका माझ्या घराक सोड."

घरी सोडायचं तर जिन्याखाली राहायची सोय हवी. सोय एकच होती: ट्रक बाहेर काढायचा आणि गाळ्याची खोली करायची. फरशी, एक संडास, एक खिडकी, झालं. आंटीचीही ना नव्हती. पण सगळं पावसाच्या आत व्हायला हवं होतं, नाहीतर बाबांना परत त्या न बोलणाऱ्या लिफ्टीत जावं लागणार होतं. तोवर ते दिवसभर आंटीच्या ओटीवर बसायचे आणि रात्री बसत बसत, एकेक पायरी ढुंगण सरकवत वर चढायचे. मी ओरडायचे, ते ऐकू आलं नाही असं दाखवायचे.

तर ट्रक बाहेर काढायचा. काढा की! चाकं आहेत, इंजिन आहे, दार आहे. पण आमच्या गल्लीचं असं झालंय की ट्रक आत उभा होता त्या वर्षांत ती तीनदा नवी झाली. आधी डांबर, मग पेव्हर ब्लॉक, मग काँक्रीट. दर वेळी जुन्याच्या डोक्यावर नवं. आता रस्ता गाळ्याच्या जमिनीपेक्षा चांगला हात-दीड हात वर आलाय आणि दारात सिमेंटचा चढ केलाय. पुढची चाकं त्या चढावर गेली की ट्रकचं नाक वर होतं, आणि केबिनचं टप वरच्या तुळईला लागतं. म्हणजे स्वतःच्या घरात गाडी कैद. गाडी होती तेवढीच राहिली, आजूबाजूचं जग वर गेलं.

तुळई कापायचं नाव काढलं तर आंटी वरच्या खिडकीतून म्हणाली, "काप ना. मग माझी शेगडी खाली येईल, मी पण येईन, तुझ्या बापसाला तिथेच गरम पोळे वाढीन." भंगारवाला आला, त्याने एक नजर टाकून सांगितलं की गॅस-कटर लावू, इथेच तुकडे करू, अर्ध्या दिवसाचं काम. बाबा ओटीवरून उठले. गुडघे विसरून उठले.

"त्या गाडयेक गॅस लावशात तर माका पण थंयच लावा," म्हणाले.

भंगारवाला गेला. मी मग माणसं शोधायला लागले आणि मढचा एक गृहस्थ सापडला. त्याच्या बंगल्यावर सिनेमाची शूटिंगं चालतात, त्यांत उभ्या करायला तो जुन्या गाड्या सांभाळतो. फोटो बघून खूश झाला. त्याची अट एकच: गाडी आपल्या चाकांवर, आपल्या इंजिनाने बाहेर यायला हवी. दोरीने ओढलेली, चाकं काढून फरपटवलेली नको, चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वाकतो. बाबांना ही अट फार आवडली. "शाणो माणूस आसा," म्हणाले. शहाणा म्हणजे काय, त्यांच्या मनातलं बोलला होता.

आता मापं. मी एका छोट्या कारखान्यात ड्रॉइंग काढते, डायची आणि पत्र्याच्या भागांची. तीस वर्षं मिलिमीटरवर पोट भरलंय. तेव्हा एका रविवारी टेप, लेव्हल बॉटल आणि कागद घेऊन मी गाळ्यात शिरले. चढ मोजला, तुळई मोजली, ट्रक डोक्यापासून पायापर्यंत मोजला आणि सगळं कागदावर उतरवलं. गल्लीतल्या प्रत्येक माणसाने येता-जाता सांगितलं, "टायरची हवा काढ ना!" अरे, ते मला सुचणार नाही का? हवा काढून धरली तरीही चार इंच कमी पडत होते. कागद खोटं बोलत नाही. पुढचं सस्पेन्शन चार इंच खाली गेलं तर ट्रक सुटेल, नाहीतर नाही.

रात्री मोबाइल उघडला तर काय! परदेशात ह्याचा अख्खा बाजारच आहे. तिकडे लोक जुने ट्रक हौसेने खाली करतात, पार जमिनीला टेकवतात, आणि त्यासाठी लागणारे भाग खोक्यात घालून विकतात. मला वाटलं, सुटलो. एक निवडायचं, मागवायचं, लावायचं. दोन आठवड्यांचं काम.

दोन आठवडे! मी माझ्या बापाला धरलंच नव्हतं हिशेबात.

पहिला पर्याय मी फारसा न विचारता स्वतःच घेऊन आले. त्या साइटवर लोखंडी ठोकळे होते. स्प्रिंग आणि एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, ह्यांच्यामध्ये ते घालायचे की गाडी खाली येते, असं लिहिलेलं. एवढ्याशा ठोकळ्यांसाठी परदेशात कशाला जायचं? आमच्या कारखान्यातल्या मिलिंगवाल्याकडून मी दोन ठोकळे काढून घेतले. काय ते ठोकळे! आरशासारखे. रुमालात गुंडाळून रविवारी बाबांपुढे ठेवले.

बाबांनी एक उचलला, वजन केलं, बोट फिरवलं. "झ्याक आसा," म्हणाले. मग विचारलं, "आपलो पाटो खंय आसा? एक्सलच्या वर की खाली?"

पाटा म्हणजे त्या काळच्या गाड्यांची स्प्रिंग, एकावर एक बांधलेल्या लोखंडी पट्ट्यांची, धनुष्यासारखी वाकलेली. मी वाकून ट्रकखाली पाहिलं. पाटा एक्सलच्या वर होता. माझे ठोकळे त्या दोघांच्या मध्ये जाणार. म्हणजे गाडी...

"वर जातली गो चेडवा!" बाबा ओरडले. "आणि चार इंच वर!" आणि मग ते असे हसले, असे हसले की कवळी हातात काढून ठेवावी लागली. आंटी खिडकीतून विचारतेय काय झालं, आणि ह्यांना सांगता येत नाही. तीस वर्षं ड्रॉइंग काढणारी बाई, आणि वर-खाली कळलं नाही. त्या ठोकळ्यांतला एक आता आंटीच्या दाराला लावलाय, दुसऱ्यावर ती सोडे कुटते. गल्लीत कोणीही भेटलं की "ठोकळे कसे आहेत?" असं विचारायचं. विचारा, विचारा.

मग मी शहाणी झाले आणि आधी बाबांना दाखवून निवडायचं ठरवलं. हीच घोडचूक. दर रविवारी मोबाइलवर एक नवीन गोष्ट दाखवायची आणि दर रविवारी बाबांनी तिच्यात खोट काढायची. दोन्ही टोकांना वर वळवलेला एक्सल असतो, तो लावला की गाडीचं पोट आपोआप खाली बसतं. बाबा चष्मा लावून पंधरा मिनिटं बघत राहिले. "चांगलो आसा. पण खड्डो इलो की एक्सल आधी खड्ड्यात आणि चाका मागसून." बरं, तेही खरंच. पुढच्या रविवारी मी पाटेच काढून टाकून गोल स्प्रिंगा लावायचा संच दाखवला, आधुनिक, मऊ, प्रत्येक चाक वेगळं हलणारा. त्याला चेसीवर वेल्डिंग लागतं म्हटल्यावर बाबांनी मोबाइल पालथा ठेवला. "वेल्डिंग माझ्या मढ्यावर कर."

"बाबा, गाडी विकायचीय! बाहेर काढायची, संपलं! ती पुढे चालेल कशी ह्याची तुम्हाला काय पडलीय?"

"लेक लग्न करून दिली म्हणून तिका मोडक्या पायान धाडतत काय?"

मी चहा करायला वर जायचे, येताना दोन कप आणायचे, आणि ते तोवर आंटीला समजावत असायचे की माझ्या मुलीला पाट्यातलं काही कळत नाही. आधी मी महिन्यातून एकदा यायचे, तेही घड्याळ बघत. आता दर रविवारी सकाळी दहाला मरोळला हजर. आमचे हे म्हणायला लागले, "माहेरी नोकरी लागली वाटतं."

शेवटी वाकोल्याचा कमानवाला मिळाला. गाड्यांच्या पाट्यांना कमान म्हणतात, आणि तो पिढीजात तेच करणारा: भट्टीत लाल करायचं, ऐरणीवर ठोकायचं, पाण्यात बुडवायचं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मॅडम, बाहर से काय को मंगाने का? कमान सीधी करता हूँ, दो पत्ती निकालता हूँ, और दोनों तरफ का कान उलटा मोड़ता हूँ." पाट्याच्या टोकाला जो गोल मुडपलेला भाग असतो, बोल्ट घालायला, तो त्याचा कान. कान वरच्या बाजूऐवजी खालच्या बाजूला वळवला की तेवढीच गाडी खाली येते. परदेशी साइटवर हेच मोठ्या नावाने विकतात; वाकोल्यात त्याला कान पिरगळणं म्हणतात.

मी आनंदाने बाबांना सांगितलं. त्यांना खोट सापडेना. मग म्हणाले, "माका तेची पट्टी आयकूची आसा."

ऐकायची म्हणजे? तर कमानवाल्याने एक पट्टी घेऊन मरोळला यायचं, बाबांनी ती दोरीला टांगायची आणि पान्याने वाजवायची. चांगलं लोखंड लांब बोलतं, खराब थडथडतं. कमानवाला हे ऐकून चिडेल असं मला वाटलं, पण तो पुढच्याच रविवारी एकाऐवजी तीन पट्ट्या खांद्यावर टाकून आला. दोघे म्हातारे ओटीवर बसून टण्ण टण्ण करत राहिले. पहिली पट्टी नापास. दुसरी नापास. तिसरीला बाबांनी मान हलवली, आणि म्हणाले, पण दोन नको, दीडच काढ. दीड पट्टी कशी काढायची? तर एक पूर्ण काढायची आणि एक कापून आखूड करायची. कमानवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्हारे पप्पा बहुत बारीक आदमी है." तो हे कौतुकाने म्हणत होता. माझं डोकं फिरलं होतं. मे उजाडला होता, मी रोज आभाळ बघत होते, आणि बाबा अजून ढुंगणावर बसून जिना चढत होते.

पण बसले एकदाचे पाटे. गाळ्यातच जॅक लावून दोन दिवसांत त्याने काम केलं. मी शनिवारी संध्याकाळी जाऊन मोजलं: चार इंच आणि वर पाव. मढच्या गृहस्थाला फोन केला. खाली केलेली गाडी म्हटल्यावर त्याला आणखीच आनंद. "झकास! हिरोला उतरायला बरी." उद्या सकाळी ड्रायव्हर पाठवतो, फक्त गाडी रिकामी करून ठेवा, म्हणाला.

रिकामी. हं. आता सांगायलाच हवं. तो ट्रक नुसता उभा नव्हता. तो आख्ख्या गल्लीचा माळा झाला होता. ज्याच्या घरात जागा नाही त्याने सामान बाबांच्या हौद्यात ठेवायचं, बाबा कोणाला नाही म्हणत नसत. आंटीच्या नाताळच्या गोठ्याचे प्लॅस्टरचे मेंढपाळ, लग्नाच्या जेवणाचे दोन मोठे टोप, समोरच्यांच्या गणपतीचं मखर, बँडवाल्यांचा फुटका ढोल, कोणाचं शिवणयंत्र, कोणाच्या उरलेल्या फरश्यांची पोती, गेलेल्या माणसाची लोखंडी खाट. शनिवारी संध्याकाळी गल्ली आली आणि आपापलं घेऊन गेली. मेंढपाळांना धुऊन, सकाळचं ऊन मिळावं म्हणून आंटीने पायरीवर रांगेत उभं केलं. हौदा साफ झाडला. मला काय छान वाटलं म्हणून सांगू.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर सगळी गल्ली इस्त्रीच्या कपड्यांत आमच्या दारात. कमानवाला आला होता, मढचा ड्रायव्हर आला होता. बाबांना मी आणि कमानवाल्याने धरून केबिनमध्ये चढवलं. चाव्या त्यांच्याच हातात. गल्लीच्या टोकापर्यंत गाडी आपणच नेणार, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. चारही टायरांची हवा अर्धी काढली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. पुढची चाकं चढावर आली, नाक वर झालं, आणि खर्रर्र.

टप तुळईला टेकलं होतं. वर आंटीच्या फळीवरचे डबे थरथरले आणि एक खाली आला.

मी टेप घेऊन धावले. चार इंच खाली आणलेला ट्रक दोन इंच पुन्हा वर आला होता. रातोरात! मी परत मोजलं. कमानवाल्याकडे असं पाहिलं की तो बिचारा कानाला हात लावायला लागला. मग माझी नजर त्या स्वच्छ झाडलेल्या हौद्यावर गेली, आणि मी कपाळावर हात मारून घेतला. जानेवारीत मोजलं तेव्हा ट्रकवर आख्ख्या गल्लीचं वजन होतं. काल मोजलं तेव्हाही होतं. वजन उतरलं, पाटे वर उठले. शाळेतल्या पोराला कळेल असली गोष्ट. मी ड्रॉइंगमध्ये स्क्रू मोजले होते, मेंढपाळ नाही.

वाट लागली. मला तिथेच रडू फुटलं. चार महिने, हे पाटे, बाबांचा तो जिना, आणि आता हे सगळं परत काढायचं, आणि पाऊस दारात. मढचा ड्रायव्हर घड्याळ बघायला लागला.

बाबा केबिनमध्ये स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसले होते. खिडकीतून डोकं काढून एवढंच म्हणाले, "मागे माणसां भर."

"काय?"

"हौद्यात माणसां भर. जाडी माणसां पुढे बसव, केबिनीक चिकटान."

गल्लीला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. मिस्सेचे सूट, साड्या, चर्चच्या टोप्या, काही न बघता सगळे चढले. बँडमधला क्लॅरिनेटवाला, ज्याला एरवी कोणी वजनावरून बोललं तर राग येतो, तो स्वतः छाती काढून म्हणाला, "मी पुढे." कमानवाला चढला. शेवटी आंटीसुद्धा खाली आली. "माझ्या चुलीखालून गाडी जाणार आणि मी वर बसू?" म्हणत बाबांच्या शेजारी केबिनमध्ये चढून बसली. प्रत्येक माणसाबरोबर ट्रक जरा जरा दबत होता, मी जमिनीवर आडवी होऊन टेप धरून ओरडत होते, "अजून! अजून एक! ए, तू चढ रे!"

अठरा माणसं झाली तेव्हा बाबांनी क्लच सोडला. "डोकी खाली!" सगळ्यांनी माना घातल्या. टप तुळईखालून गेलं तेव्हा मध्ये माझी करंगळी मावली असती, बस. ट्रक चढ चढून उन्हात आला आणि एवढा आरडाओरडा झाला की शेजारच्या गल्लीतली माणसं धावत आली. बाबांनी हॉर्न दिला. त्यांचा तो भोंगा मी किती वर्षांनी ऐकला होता! टोकापर्यंत चालवत नेला, तिथल्या स्पीडब्रेकरला पोट घासलं, तेव्हा सगळ्यांना उतरवलं, आणि मग स्वतः उतरले. ड्रायव्हरला चाव्या दिल्या. गिअर तिसरा कडक आहे, दोनदा क्लच मार, सकाळी थंड असताना रेस करू नको. त्याच्या मागून ते बघत राहिले नाहीत. वळले आणि माझा दंड धरून परत निघाले. दारात पोचलो तेव्हा बाबांचे डोळे लाल होते, आणि ते पुसायचीही त्यांना लाज वाटली नाही.

गल्ली पांगली. आम्ही दोघं रिकाम्या गाळ्यात आलो. जमिनीवर तेलाचा एक मोठा काळा डाग, बाकी काही नाही. मी बाबांना खुर्ची दिली.

"बाबा, माणसं भरायचं तुम्हाला बरं सुचलं ऐनवेळी."

"सुचाक कित्या होया? म्हायतच होता." बाबा शांतपणे म्हणाले. "तो पाइपाच्या कारखान्याचो गेट आठवता काय तुका? ठेंगणो? रोज हमाल बसवन गाडी घालीत होतंव."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"होय तर. हौद्यात सामान होताच. वर पंधरा-वीस माणसां बसवली असती, थोडी हवा काढली असती, की गाडी भायर. पाट्याक हात लावची गरज नव्हती."

"बाबा!" माझा आवाज असा चढला की वर आंटीचं भांडं थांबलं. "चार महिने! मी ठोकळे काढून आणले, त्या माणसाला वाकोल्याहून पट्ट्या घेऊन नाचवला, तुम्ही त्या जिन्यावर रोज... आणि सांगितलं का नाही?"

बाबा त्या काळ्या डागाकडे बघत होते.

"पयल्या दिवशी सांगलं असतंय," ते म्हणाले, "तर पयल्याच दिवशी गेली असती ती."

माझा राग कुठे गेला ते कळलंच नाही. मी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले, साडीला तेल लागलं तर लागू दे म्हटलं. मग मीच डोळे पुसून कामाचं काढलं. उद्या गवंडी येईल, संडासाची जागा ही, खिडकी इकडे. फरशी मी मंगळवारी कारखान्यातून येताना बघून टाकते, कुठलीतरी न घसरणारी, म्हणजे आठवड्यात घालून होईल.

"मंगळवारी?" बाबा दचकले. "घाई कित्याक?"

"अहो, पाऊस..."

"आधी चार तऱ्हेच्यो लाद्यो आणून माका दाखय. मी वाजवन बघतलंय." त्यांनी खुर्चीत नीट मागे टेकून घेतलं. "आयतवारी घेवन ये. एका आयतवारात काय लादी ठरणा नाय."